फाटकापासून दारापर्यंतची वाट कुणाची?

प्रति,
मा. मंत्री, गृहनिर्माण आणि नगरविकास,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचे ब्रीद आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरे हे उद्दिष्ट. ही घरे होतील की नाही, कुणाला परवडतील, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. या पत्रात विचारायचे आहे ते इतकेच, की त्यांतल्या किती घरांत व्हीलचेअर वापरणारा माणूस भाड्याने राहू शकेल? पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, कुठलेही शहर घ्या. अशा माणसाला भाड्याचे घर का मिळत नाही, असे विचारले की 'मालक देत नाहीत हो' हे उत्तर ठरलेले. ते अनेकदा खरेही असते. पण मालक तयार आहे, भाडे परवडते, डिपॉझिटचीही सोय झाली आहे आणि तरीही घर हातचे जाते, असे जेव्हा होते तेव्हा दोष कुणाला द्यायचा? कारण मुख्य अडथळा भाड्याने घेतलेल्या चार भिंतींत नसतोच. तो सोसायटीच्या फाटकापासून फ्लॅटच्या दारापर्यंतच्या वाटेवर असतो. ती वाट भाडेकरूची नाही आणि एकट्या मालकाचीही नाही. बिल्डर ताबा देऊन केव्हाच मोकळा झालेला असतो. ती कशी असावी हे ठरते बांधकामाच्या नियमांत आणि सोसायटीच्या ठरावांत, आणि यातले नियम आपल्या दोन खात्यांतून निघतात. म्हणून हे पत्र घरमालकांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

ती वाट नीट पाहू. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, तळमजला अधिक तीन अशा इमारतींत लिफ्ट नसे. पुढे रहिवासी थकले, वर्गणी काढून लिफ्ट बसवली गेली, पण जागा उरली होती ती जिन्याच्या बाहेरच्या अंगाला. त्यामुळे अशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते आणि घराच्या दारापर्यंत आठ-दहा पायऱ्या उरतातच. 'लिफ्ट आहे' असे एजंट फोनवर सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. नव्या इमारतींचे दुखणे वेगळे. खाली पार्किंग, आणि पावसाचे पाणी लिफ्टच्या खड्ड्यात शिरू नये म्हणून लिफ्टसमोरची लॉबी दोन-तीन पायऱ्या उचललेली. राष्ट्रीय मानकांप्रमाणे व्हीलचेअरच्या उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर उंची, म्हणजे उतार हवा सुमारे साडेपाच मीटर लांब. सोसायट्यांत दिसणारा सिमेंटचा उतार बहुधा याच्या निम्माही नसतो. त्यावरून स्कूटर मजेत चढते, गॅसचे सिलिंडर चढते, पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला कुणीतरी मागून रेटल्याशिवाय चढता येत नाही, आणि उतरताना तर तोंडघशी पडण्याचीच भीती. एवढे सगळे पार करून घरात शिरावे, तर संडास-बाथरूमचे दार. अडीच फुटांच्या चौकटीतून चौकटीची जाडी आणि उघडलेल्या दाराची फळी वजा केली, की मोकळी वाट उरते ६५ सेंटिमीटरच्या आसपास. साध्या घडीच्या व्हीलचेअरची रुंदीही जवळपास तेवढीच. चाक फिरवणाऱ्या हातांच्या बोटांना जागा कुठून आणायची? मानक सांगते ९०० मिलिमीटर मोकळी वाट आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा. शहरातल्या वन बीएचकेच्या बाथरूममध्ये बादली ठेवल्यावर माणूस वळत नाही, तिथे खुर्चीचे काय घेऊन बसलात!

आता या माणसाने घर शोधायचे कसे? जाहिरातीत चटईक्षेत्र असते, कितवा मजला ते असते, पार्किंग आहे की नाही ते असते, कुटुंब हवे की बॅचलर चालेल हे असते, क्वचित आहाराची अटही असते. लॉबीला पायऱ्या किती आणि सर्वांत अरुंद दार किती इंचांचे, हे कुठेच नसते. एखाद्या संकेतस्थळावर 'व्हीलचेअर फ्रेंडली' अशी खूण असलीच, तर ती जाहिरात देणाऱ्याने आपल्या अंदाजाने केलेली असते, टेप लावून नव्हे. त्यामुळे प्रत्येक फ्लॅट स्वतः जाऊन पाहायचा, आणि जिथे जाताच येत नाही तो पाहायचा तरी कसा? भाऊ किंवा मित्र आधी जाऊन मापे घेऊन येतो. ज्याला असा भाऊ-मित्र नाही, त्याचा शोध फोनवरच संपतो. शिवाय बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे, अकरा महिन्यांचे. नूतनीकरण झाले नाही की हाच फेरा पुन्हा, ब्रोकरेजही पुन्हा. स्वतःच्या मालकीच्या घरात माणूस बाथरूमची भिंत फोडून दार रुंद करून घेतो. भाडेकरूला खिळा ठोकायचा तरी विचारावे लागते. म्हणून सुगम घर विकत घेण्यापेक्षा ते भाड्याने मिळवणे अवघड, आणि नेमकी भाड्याचीच गरज असते ती शिकायला आलेल्या, पहिली नोकरी लागलेल्या किंवा बदली होऊन आलेल्या माणसाला.

यात शासनाची मोठी विसंगती आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आरक्षण दिले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. ही दोन्ही पावले स्वागतार्हच. पण लातूरची मुलगी पुण्यातल्या महाविद्यालयात आरक्षणाच्या जागेवर प्रवेश घेते, तेव्हा राहायचे कुठे याचे उत्तर कुठल्याच विभागाकडे नसते. वसतिगृहाची खोली मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर खासगी भाड्याच्या बाजारात तिचा हक्क कुठे लिहिलेला नाही. त्याच कायद्याने शासकीय घरयोजनांच्या वाटपातही ५ टक्के आरक्षण ठेवले आहे, पण ते मालकीच्या घरासाठी रांगेत थांबू शकणाऱ्यांना. जूनमध्ये ज्याला रुजू व्हायचे आहे, त्याला लॉटरीचा काय उपयोग? नोकरीचे पत्र हातात आहे आणि कार्यालयापासून गाठता येईल असे घर नाही, म्हणून नोकरी सोडावी लागली, तर ती जागा कागदावर भरलेली दिसते आणि पुढे 'उमेदवार गैरहजर' या शेऱ्याने रिकामी होते. घराचा प्रश्न त्या शेऱ्यात कुठेच उमटत नाही.

कायदा नाही असे नाही. याच कायद्याचे कलम ४४ सांगते, की सुगमतेचे नियम पाळलेले नसतील तर कोणत्याही आस्थापनेला बांधकाम परवानगी देऊ नये, बांधून झाले असेल तर पूर्णत्वाचे प्रमाणपत्र आणि भोगवट्याची परवानगी देऊ नये. 'खासगी आस्थापना' या शब्दाच्या व्याख्येत कंपनी, फर्म यांच्या जोडीला सहकारी संस्थेचाही उल्लेख आहे. म्हणजे बिल्डरची कंपनी आणि गृहनिर्माण संस्था, दोघीही या दोरीने बांधता येतात. पण 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत शाळा, दवाखाने, कार्यालये, दुकाने, देवळे, न्यायालये, स्थानके, विमानतळ अशी लांबलचक यादी येते आणि राहत्या इमारतीचे नाव येत नाही. पुढच्या यंत्रणेनेही हाच धागा पकडला. सुगमता म्हटले की कलेक्टर कचेरीचा उतार आणि रेल्वे स्थानकाची लिफ्ट डोळ्यांसमोर येते, वीस मजली निवासी मनोरा येत नाही. त्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. कायदा सक्तीचा आणि त्याखालच्या नियमावलीतला नियम १५ मात्र केवळ शिफारशीच्या भाषेतला, हे चालणार नाही असे सांगून न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान मानके आखायला केंद्राला सांगितले. केंद्राचे काम केंद्र करील. पण नकाशा मंजूर होतो तो महापालिकेत, आणि महापालिका पाहते ती राज्याची नियमावली. मुंबईला स्वतःची विकास नियंत्रण नियमावली आहे, उरलेल्या बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे. या दोन्हींत दुरुस्ती करण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरे एक उदाहरण भाडेनियंत्रण कायद्याचे, आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. १९९९ च्या या कायद्यात भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले, तर मालक जागेचा ताबा मागू शकतो. पण 'कायमचे बांधकाम' म्हणजे काय नाही, याचे एक स्पष्टीकरण कायद्याने जोडले आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, धुराडे, हे सगळे त्यातून वगळले आहे. उकाडा आणि धूर यांचा विचार विधिमंडळाने केला, हे चांगलेच झाले. त्याच ओळीत उंबरठ्यावरचा उतार, संडासातला आधाराचा दांडा आणि रुंद केलेले दार हे शब्द घातले तर बिघडणार काय? आज बहुसंख्य भाडेकरू लिव्ह अँड लायसन्सवर असल्याने एवढ्या दुरुस्तीने त्यांचे सगळे भागणार नाही, हे मान्य. पण तो करारही नोंदवावा लागतोच, आणि त्याची ऑनलाइन नोंदणी शासनाच्याच संकेतस्थळावर होते. तिथल्या मसुद्यात एक कलम घालता येईल: परवानाधारकाने स्वखर्चाने असे बदल करावेत, जाताना मालकाने मागितल्यास जागा पूर्ववत करून द्यावी. अमेरिकेत १९८८ च्या दुरुस्तीपासून घरभाड्याच्या कायद्यात साधारण अशीच तरतूद आहे. शिवाय १३ मार्च १९९१ नंतर प्रथम राहत्या झालेल्या, चार किंवा अधिक घरांच्या इमारतींना सुगमतेची किमान रचना तिथे सक्तीची आहे. न्यू जर्सीत मुलाकडे जाऊन आलेले आपले आजी-आजोबा तिथल्या सपाट प्रवेशाचे कौतुक सांगतात, ते बिल्डरांच्या चांगुलपणाने झालेले नाही.

सर्वांत निकडीची बाब पुनर्विकासाची. मुंबईच्या उपनगरांत आणि पुण्याच्या कोथरूड, एरंडवण्यासारख्या भागांत जुन्या सोसायट्या भराभर पाडल्या जात आहेत. आज जो नकाशा मंजूर होईल, तो पुढची पन्नास वर्षे बदलणार नाही. पुनर्विकासात सभासदांना जादा चटईक्षेत्र मिळते, बिल्डरला विक्रीची घरे मिळतात, आणि हे सगळे शासनाने दिलेल्या वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाच्या जोरावर. म्हणजे सार्वजनिक सवलतीतून खासगी लाभ होतो. सवलत देताना अट घालण्याचा अधिकार शासनाला असतोच, आणि अट एवढीच: फाटक ते लिफ्ट एकही पायरी नको, लिफ्टचे दार ९०० मिलिमीटरचे, आणि प्रत्येक घरात किमान एका संडासाचे दार तितकेच. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाचे निर्देश सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने दिलेले आहेत. सभा कशी घ्यावी, निविदा कशा मागवाव्यात, सल्लागार कसा नेमावा, सगळे त्यात आहे. त्यात ही भर पडायची तर सहकार खात्याच्या मंत्र्यांशी एक बैठक लागेल. मंत्रालयात दोन खात्यांची बैठक म्हणजे काय ते आम्हालाही ठाऊक आहे, तरी ती लावावी.

स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, तर अर्धे काम करून ठेवले आहे. मे २०२४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने किमान निकष ठरवले. व्हीलचेअर जाईल अशी रचना, लिफ्ट, ९०० मिलिमीटरची दारे, न घसरणारी फरशी, आधाराचे दांडे, हे सारे त्यात आले. मग हे निकष 'निवृत्तांसाठी' असा फलक लावलेल्या प्रकल्पांपुरतेच का? माणूस साठीनंतर निवृत्तांच्या वसाहतीत गेला तरच त्याला रुंद दार, आणि चाळीस वर्षे राहिलेल्या गल्लीत थांबला तर अरुंद, हा कुठला न्याय? सगळ्या प्रकल्पांना सगळे निकष आजच लावू नका. पण प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाच्या पानावर तीन गोष्टी जाहीर करायला लावा: फाटकापासून लिफ्टपर्यंतच्या पायऱ्या, लिफ्टच्या दाराची रुंदी, घरातल्या सर्वांत अरुंद दाराची रुंदी. ही मापे वास्तुविशारदाच्या नकाशात असतातच. ती लोकांसमोर आली, की उद्या त्याच घरांच्या भाड्याच्या जाहिरातीतही येतील.

आता हरकती. पहिली नेहमीची: असे लोक आहेत किती? २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्या सगळ्यांना व्हीलचेअर लागत नाही, हे उघड आहे. पण त्याच जनगणनेत साठीच्या पुढचे लोक राज्याच्या लोकसंख्येच्या जवळपास १० टक्के होते, आणि गुडघे बदललेली बाई, पक्षाघातातून उठलेला माणूस, बाळाची गाडी ढकलणारी आई, या कुणाची गणना दिव्यांगांत होत नाही. शिवाय ज्यांना घर मिळत नाही ते शहरात येतच नाहीत, गावीच राहतात. मग शहरातले एजंट म्हणतात, असा ग्राहक आमच्याकडे येत नाही. मागणी नाही असे म्हणण्यापूर्वी मागणी करणाऱ्याला दुकानाची पायरी चढता येते का, हे पाहिले पाहिजे.

दुसरी हरकत: त्यांना तळमजल्याची घरे द्या, विषय मिटला. पंतप्रधान आवास योजनेतही खालच्या मजल्यांना प्राधान्य देण्याची सूचना आहे. पण नव्या निवासी इमारतींत तळमजला उरला आहे कुठे? तिथे मोटारी राहतात. घरे सुरू होतात ती पार्किंगच्या दोन-तीन थरांवर. जुन्या इमारतींतला तळमजला असला, तरी जोत्याच्या चार पायऱ्या असतातच. याच हरकतीचे भावंड म्हणजे 'यांच्यासाठी वेगळी वसाहत करा'. दिव्यांग कायद्याचे कलम ५ सांगते, की दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि त्यांना विशिष्ट निवासव्यवस्थेत राहणे भाग पडू नये यासाठी शासनाने प्रयत्न करावा. नोकरी हिंजवडीत आणि सुगम वसाहत शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशी सोय सोयच नव्हे.

तिसरी हरकत खर्चाची, आणि तिच्यात तथ्य आहे. बांधून झालेल्या इमारतीत दार रुंद करणे, उतार काढणे महाग पडते, आणि कधी उताराला जागा काढायची तर एखाद्याचे पार्किंग जाते. पार्किंगवरून सोसायटीत काय रणकंदन होते ते सांगायला नको. म्हणूनच जुन्या आणि नव्या इमारतींना एकच माप लावा, असे इथे म्हटलेले नाही. नव्या इमारतीत रुंद दार म्हणजे तेवढी भिंत कमी. लॉबी किती उंच ठेवायची हा नकाशावरचा निर्णय, त्याला सिमेंट जास्त लागत नाही. पाणी अडवायला लॉबी उचलायचीच असेल, तर बाहेरच्या अंगणाचा चढ आधीपासून हळूहळू वाढवता येतो. जुन्या इमारतींना कायदाच मोकळीक देतो: 'वाजवी सोय' म्हणजे अवाजवी बोजा न टाकता करता येईल तेवढीच. काही इमारतींत उतार खरोखरच बसणार नाही. तिथे काढता-घालता येणारी फळी, लॉबीत छोटा उचलणारा मंच किंवा निदान भक्कम कठडा हे पर्याय राहतात. पण 'इमारतीची शोभा जाते', 'एकाला केले तर सगळे मागतील' ही कारणे खर्चाची नाहीत, आणि तीच कारणे कमिटीच्या बैठकीत जास्त चालतात. रहिवाशाने, मग तो सभासद असो वा भाडेकरू, स्वखर्चाने असा बदल मागितला, तर कमिटीने तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे, नकार द्यायचा तर तांत्रिक कारण लिहून द्यावे, एवढा निर्देश पुरे होईल. लेखी कारण मागितले, की 'बघू, सभेत विषय घेऊ' म्हणून वर्षभर लांबवता येत नाही.

उरली घरमालकाच्या स्वातंत्र्याची बाब. आपले घर कुणाला द्यावे हे मालकाने ठरवावे, असे मानणाऱ्यांनाही या मागण्यांत अडचण वाटू नये. कारण यातली एकही मागणी मालकाला घर देण्याची सक्ती करत नाही. उलट द्यायला तयार असलेल्या मालकाचा हात आज कमिटी आणि नकाशा धरून ठेवतात, तो मोकळा होतो. भेदभावाचा प्रश्न वेगळा आहे, मोठा आहे, आणि त्यावरही कायदा हवा. पण वाटच नसेल, तर भेदभाव न करणारा मालकही व्हीलचेअरवरच्या भाडेकरूला घर देऊ शकत नाही.

तेव्हा विनंती अशी, की दोन्ही विकास नियमावल्यांच्या पुढच्या दुरुस्तीत अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी निवासी इमारतींच्या सामाईक भागाला आणि प्रत्येक घरातल्या एका स्वच्छतागृहाला स्पष्ट शब्दांत लागू कराव्यात, आणि त्या पुनर्विकासाच्या प्रत्येक नव्या प्रस्तावाला पहिल्या दिवसापासून लागू असाव्यात. बाकीच्या दुरुस्त्या मागाहून आल्या तरी चालतील. ही एक लांबली, तर दरम्यान मंजूर होणारे नकाशे कुणालाच मागे घेता येणार नाहीत. ३५ लाख घरांपैकी पहिल्या लाखाचे भोगवटा प्रमाणपत्र निघण्याआधी ही अधिसूचना निघावी.

कळावे,
आपला,
एक नागरिक